वाटीतली मुंगी

सुरतच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुमची किती मुलं गेली?" माझी आठ महिन्यांची नात, म्हणजे लेकीची लेक, आत नळ्या लावून पडली होती. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "माझं काय विचारता? आजारी ती आहे." बाई शांतपणे म्हणाल्या, "हा आजार आईकडून येतो. म्हणून विचारते." मग मला सांगावं लागलं. ते सगळं इथे लिहून ठेवते, कारण तिथे मी पुरतं सांगितलं नाही.

माझं सासर तापीकाठचं, सारंगखेड्याच्या जवळचं. घर मोठं, शेती काळ्या मातीची, कापूस आणि केळी. माझं लग्न पन्नास सालाच्या आसपास झालं. पहिला मुलगा सहाव्या महिन्यात कावीळ होऊन गेला, दुसरी मुलगी चौथ्या महिन्यात तशीच गेली. पहिल्या वेळी लोक रडले. दुसऱ्या वेळी माझ्याकडे बघायला लागले.

माझ्या आईचीही चार मुलं अशीच गेली होती आणि एकटी मी राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा तिनं मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "येले भुक्या ठेवू नको. मी तुले ठेवं नही, म्हनीसन तू शे." मी त्यामुळेच जगले असं ती मानायची. मी लहान असताना ती घटकेघटकेला माझ्या तोंडात काही ना काही घालायची. पेज, गुळाचं पाणी, भाकरीचा कुस्करा. मी झोपले तरी उठवून पाजायची. का, ते तिला सांगता यायचं नाही. ते ती चार पोरं पुरून शिकली होती.

सासरी मी हे बोलून दाखवलं आणि सासूबाईंनी मला जागच्या जागी गप्प केलं. "जिनी सोतानी चार पोरे गाडात, ती आमले काय शिकाडी?" खोटं तरी काय होतं त्यात? मलाही आईची लाज वाटली. आमच्याकडे बाळाला वेळेवर पाजायचं, कापूस वेचायला गेलं की दुपारपर्यंत पाळण्यात ठेवायचं, ताप आला की पोटाला विसावा द्यायचा. पहिल्या दोघांच्या वेळी मी सगळ्यांसारखंच केलं.

तिसरा मुलगा झाला तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. त्याला झोळीत बांधून शेतात नेऊ लागले. कापसाच्या दोन ओळी झाल्या की बांधावर बसून पाजायचं. बायका हसायच्या. म्हणायच्या, ही कापूस वेचायला येते की दूध पाजायला? हसू दे, म्हटलं. माझ्या नजरेस एक गोष्ट पडली होती. जरा उशीर झाला की पोरगं मान टाकायचं, कपाळावर गार घाम यायचा. छातीशी घेतलं की थोड्या वेळात डोळे उघडायचं. सहावा महिना गेला, सातवा गेला. आठव्यात तो माझी नथ ओढायला लागला. मी मनात म्हटलं, हा राहिला.

मार्गशीर्षात, घोड्यांच्या यात्रेच्या दिवसांत, त्याचे डोळे पिवळे झाले.

घरातले पुरुष यात्रेला गेले होते. सासूबाईंनी सकाळी मला ओसरीवर बसवलं आणि पुढे काशाची वाटी ठेवली. आमच्या भागात ही रीत होती. आईचं दूध बाळाला बाधतं की काय अशी शंका आली की दूध वाटीत पिळायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी पोहून कडेला आली तर दूध चांगलं, मेली तर दुधात विष. मी दूध पिळलं. सासूबाईंनी निंबाच्या बुंध्यावरची काळी मुंगी चिमटीत धरून आणली आणि सोडली. ती थोडी फिरली, पाय हलवले, मग थांबली.

"तुन्हा दूधमा खोट शे," सासूबाई म्हणाल्या. "दोन गयात, हाऊ बी जाई."

त्या वाईट नव्हत्या, हे मला लिहिलंच पाहिजे. दोन्ही नातवंडांच्या वेळी त्यांना महिनाभर अन्न गोड लागलं नव्हतं. त्यांना पोर वाचवायचं होतं, मलाही वाचवायचं होतं.

मला ते पटलं नाही. त्या चुलीकडे गेल्या तेव्हा मी स्वतः दुसरी मुंगी आणली आणि वाटीत सोडली. ही तर फिरलीसुद्धा नाही. तेव्हा मात्र मला पटलं. वाटलं, म्हणजे मीच मारलं दोघांना. याला तर मी दर घटकेला विष पाजते आहे. आणि मी पदर सावरून उठले, पोरगं सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, "तुम्ही सांगशात तसं."

रीतीचा पुढचा भाग असा होता की आधी पोट कोरं करायचं. एक अख्खा दिवस बाळाला दूध नाही, फक्त ओव्याच्या पाण्याची बोटं चाटवायची, म्हणजे आतलं वाईट दूध निघून जातं. दुसऱ्या दिवसापासून शेळीचं दूध. शेळी बांधूनही ठेवली होती.

मी आतल्या खोलीत बसले. तो रडत होता. त्याच्या रडण्यानं माझं दूध आपोआप वाहायला लागलं, चोळी भिजली. मी जुन्या लुगड्याची पट्टी करून छाती घट्ट बांधली. मध्ये एक दार होतं, तेही लावलेलं नव्हतं. मला उठून जाता आलं असतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल, त्याला गणती नाही.

दुपारी रडणं थांबलं. सासूबाई दारात येऊन आनंदानं म्हणाल्या, "दख, कसा निवांत पडना. पोट कोरं हुई गयं." मी जाऊन पाहिलं. कपाळावर तोच गार घाम होता. मला तो घाम ओळखीचा होता. आईचे शब्द अगदी ओठावर आले होते आणि मी ते गिळले, कारण वाटीतल्या दोन मुंग्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ऊन उतरायच्या आत तो गेला.

यात्रेहून बोलावून आणलेली माणसं त्याला पुरून परतली. शेळीचं दूध चुलीपाशी तसंच होतं. मी निंबाची मुंगी आणली आणि त्या दुधात सोडली. तीही मेली. मग वाटीत नुसतं पाणी घेतलं आणि त्यात एक सोडली. ती जरा जास्त वेळ तडफडली, एवढंच; मेली तीही. मी वाटी अंगणात भिरकावली. सासूबाईंनी ती उचलून आणली आणि घासून फडताळात ठेवली.

पुढे साठ सालानंतर मला मुलगी झाली. सासूबाई पुन्हा वाटी घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, "मुंगी-बिंगी काही नही. पोर मन्ही शे." तिला मी दिवसा-रात्री पाजलं, झोपेतून उठवून भरवलं, लोकांनी नावं ठेवली ती ऐकून घेतली. तिलाही कावीळ झाली होती. ती उतरली.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. शरीराच्या कणाकणात बारीक चुली असतात, अन्नाची ताकद करणाऱ्या. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. त्या बाळाला आईकडूनच मिळतात, बापाकडून नाही. आमच्या चुली मंद आहेत, कोणाच्या कमी, कोणाच्या जास्त. यकृत हे शरीराचं कोठार, पोट रिकामं असताना तेच साखर पुरवतं. चुली मंद असल्या की यकृत थकतं, कोठार लवकर रिकामं होतं आणि बाळाला उपास सोसत नाही. म्हणजे खोट माझ्यात होती, सासूबाई त्यात चुकल्या नव्हत्या. दुधात मात्र नव्हती. मी विचारलं, पाजलं असतं तर तो वाचला असता का? बाई म्हणाल्या, "ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

मग त्यांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, "मुलगी कशी वाचली?"

"तिला भूक लागू दिली नाही."

त्यांनी मान वर केली. "आम्हीही तुमच्या नातीला तेच करतोय. दर दोन तासांनी. तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं?"

"माझ्या आईनं."

"मुलगी झाली तेव्हा?"

हो म्हणता आलं असतं. लेक शेजारीच उभी होती.

"नाही," मी म्हटलं. "पहिल्या बाळंतपणात. बाळ बारा दिवसांचं होतं तेव्हा."

बाईंनी ते लिहून घेतलं.