मोरूकाकांचा टर्बो

डिझेल भरायला मोरूकाकांना अर्धा तास लागायचा. पंप ठरलेला, नळी ठरलेली, आणि पुढचं डावं चाक जमिनीवरच्या एका पिवळ्या ठिपक्यावरच यायला हवं. तो ठिपका त्यांनीच एकदा पंपवाल्याची नजर चुकवून दिलेला. जागा बदलली की गाडी कलते, कलली की टाकीत डिझेल कमीजास्त बसतं, आणि मग अ‍ॅव्हरेज खोटं येतं, हे त्यांचं शास्त्र. टाकी भरत आली की ते मागे जाऊन फाळक्याला धरून अख्खी पिकअप गदागदा हलवायचे. आत अडकलेली हवा बुडबुडत वर यायची, डिझेल बोटभर खाली जायचं, मग आणखी थोडं घालायचं, मग पुन्हा हलवायचं. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवून थकायचे. शेवटी टाकीच्या तोंडात करंगळी घालून, ती ओली झालेली आम्हाला दाखवून काका म्हणायचे, "आता भरली." पंपावरचा माणूस म्हणायचा, सगळ्या गाड्या इथे डिझेल पितात, तुमची एकटीच ढेकर देऊन जाते.

मोरेश्वर त्यांचं नाव, पण आमच्या गास गावात ते नाव फक्त रेशनकार्डावर होतं. आमच्या आणि त्यांच्या वाडीत एका कुंपणाचं अंतर. त्यांची पिकअप रोज दुपारी एकला गावातून निघायची आणि संध्याकाळच्या बाजाराला दादरला पोचायची. हौद्यात आमच्या आळीतल्या चौदा घरांचा माल असायचा: पालक, वांगी, केळीचे घड, सणाच्या दिवसांत झेंडू. गाडी गेली नाही तर तो पालक म्हशीपुढे टाकण्याच्या लायकीचा उरायचा. अकरा वर्षांत गाडी एकदाही चुकली नाही. काकांकडे जमीन फार नव्हती, शिक्षण चौथीपर्यंतचं. हे एक नाव तेवढं त्यांनी कमावलं होतं, आणि दुसरं नाव डिझेल वाचवण्यात.

वाचवण्याची त्यांची मुख्य जागा म्हणजे उतार. माझ्या पहिल्या मुलाखतीला मी त्यांच्याच गाडीतून मुंबईला गेलो होतो. खाडीच्या पुलाचा चढ गाडीने कण्हत पार केला, आणि माथ्यावर येताच काकांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मला वाटलं बिघाड झाला. काका मात्र दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, देवळात बसल्यासारखे शांत. गाडी गपचूप खाली घरंगळत होती, नुसता वारा ऐकू येत होता आणि मागच्या घडांवर झाकलेली पानं फडफडत होती. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, हे मला ठाऊक होतं. मी तसं म्हणालो. काका म्हणाले, "ब्रेक लागतो घाबरनाऱ्याला. हा फुकटचा रस्ता हाय, बीएस्सी. सरकारनं बांधला, देवानं उतार दिला. डिझेल कशाला जाळायचं?"

मला ते बीएस्सी म्हणायचे. माझा निकाल लागला त्या दिवसापासून माझं बारशाचं नाव त्यांनी सोडूनच दिलं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि हे मी कोणी विचारायच्या आधी सांगत असे. आजही सांगतो. आळीत कुणाला औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असेल, विजेच्या बिलातली चूक शोधायची असेल, तर माझ्याकडे यायचे. माझे वडील तेव्हा उगीचच ओट्यावर येऊन बसायचे आणि दुसरीकडे बघत ऐकायचे. मीही मग जरा मोठ्याने वाचायचो.

दोन हजार सालाच्या पुढेमागे काकांची जुनी गाडी थकली. धूर इतका सोडायची की मागचा माणूस शिव्या द्यायलाही तोंड उघडू शकत नसे. नवी घ्यायची ठरली, पण कोणती? साधी की टर्बोवाली? टर्बो तेव्हा आमच्याकडे नवीनच. आळीतली जाणती माणसं म्हणत होती, ते नाजूक काम आहे, भाजीच्या गाडीला झेपायचं नाही. काकांनी निकाल माझ्यावर सोपवला. मी त्यांना ओट्यावर खडूने चित्र काढून दाखवलं. सायलेन्सरमधून जो धूर वाया जातो तो आधी एका पंख्यावर सोडतात, तो पंखा फिरला की दुसरा फिरतो, आणि तो दुसरा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. तेवढ्याच डिझेलमध्ये ताकद जास्त.

काका बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे फुकट जानाऱ्या धुराला कामाला लावतात?"

मी हो म्हणालो.

"ज्यानं शोधलं तो मानूस आपल्यातला हाय," काका म्हणाले. असा भाव त्यांच्या तोंडावर मी त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. टिकेल का? मी म्हणालो, टिकेल, माझा शब्द. टर्बोमधला मला त्या खडूच्या चित्रापलीकडे काहीही माहीत नव्हतं, पण बीएस्सी झालेल्या माणसाने आळीसमोर असं कसं म्हणायचं?

गाडी आली. हार घालून, लिंबू चिरडून झाल्यावर काकांनी तिच्याबरोबर आलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. ते सगळं इंग्रजीत. संध्याकाळी ओट्यावर दहा-बारा माणसं जमली, काकी चहा घेऊन आल्या आणि मी वाचून मराठीत सांगायला लागलो. तेल कधी बदलायचं, चाकात हवा किती, माल किती भरायचा. तासभर झाला. पुढे इंजिनाचं जे होतं त्यातले शब्द मला धड लागेनात. अडखळलो असतो तर दिसलं असतं. मी तीन-चार पानं एकदम उलटली, पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "बाकी सगळं नेहमीचंच आहे." वडील कुणाला तरी सांगत होते, बघा, एवढं इंग्रजी, पन पान्यासारखं वाचतो.

त्यानंतरचे आठ महिने काकांच्या सुखाचे. नवी गाडी जुनीपेक्षा लिटरमागे दोन किलोमीटर जास्त द्यायची आणि काका ते समोर येईल त्याला ऐकवायचे. कुणी तब्येत विचारली तरी अ‍ॅव्हरेज सांगायचे. अ‍ॅक्सिलेटरबद्दल ते नवशिक्या ड्रायव्हरना सांगत, "ते झोपलेलं पोर समजायचं. हलक्यानं थोपटायचं, उठवायचं न्हाय." उतारावर चावी फिरवणं चालूच होतं. उलट आता गाडीत ताकद होती, म्हणून ते चढावर तिला पळवून घेत आणि माथ्यावर, इंजिन लालबुंद तापलेलं असताना, खट्कन बंद करत. सिग्नलला बंद, फाटकाला बंद, पानवाल्याकडे बंद. काकी म्हणायच्या, यांची गाडी चालते कमी आणि झोपते जास्त.

दसऱ्याच्या आधीच्या दुपारी हौदा झेंडूने भरून आम्ही निघालो. मला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर होतो. हायवेला लागल्यावर पुढून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, मग तो किंकाळीसारखा चढला आणि एकदम थांबला. मागे निळा धूर. गाडीतला जीवच गेला, दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना. काकांनी ती बाजूला घेतली. ते इंजिनाकडे नाही, आधी फुलांकडे गेले. वरून उन्हं तापत होती. मग हा माणूस भर हायवेवर दोन्ही हात पसरून उभा राहिला, आणि रिकामा चाललेला एक दुधाचा टेम्पो थांबवून, त्याच्या ड्रायव्हरला जे मागेल ते कबूल करून, त्याने चौदा घरांच्या टोपल्या त्यात चढवल्या. फुलं बाजारात पोचली, पण उशिरा, भाव उतरल्यावर. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

गाडी वसईला बस्त्याव मेस्त्रीच्या गॅरेजात ओढून नेली. दुसऱ्या दिवशी आळीतली सहा-सात माणसं तिथे हजर होती. माझे वडीलही होते, आणि टर्बो नाजूक असतो म्हणणारे तर होतेच. बस्त्यावने टर्बो खोलून हातात धरला. पंख्याचा दांडा जागच्या जागी चिकटला होता, आणि जिथे तेल असायला हवं तिथे कोळशासारखं काळं काहीतरी.

बस्त्यावने विचारलं, "मोरूभाऊ, गाडी उभी केली की लगेच बंद करतोस?"

काका अभिमानाने म्हणाले, करतो.

"चढ चढून आल्यावर पण?"

"तवा तर आधी."

बस्त्यावने हात पुसले. तो रागावला नव्हता, पण त्याने शाळेतल्या मास्तरासारखं सगळ्यांना समजावलं. हा पंखा तापून लाल होतो. इंजिन चालू असतं तोवरच त्याला तेल मिळतं. एकदम बंद केलं की तेल तिथेच जळून कोळसा होतो. म्हणून थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची. मग तो म्हणाला, "गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतंय हे. वाचलं नाय कोणी?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वडिलांचीही. मी उलटलेली ती तीन-चार पानं मला डोळ्यांसमोर दिसत होती.

काका माझ्याकडे बघत नव्हते. ते त्या काळ्या दांड्याकडे बघत म्हणाले, "वाचलं ना. यानं समदं वाचून दाखवलं. मीच ऐकलं न्हाय. उभ्या गाडीनं डिझेल प्यायचं, हे मला पटलंच न्हाय."

वडिलांच्या खांद्यावरचा ताण सुटलेला मला दिसला. आळीतली माणसं हसली. आणि त्या दिवसापासून काकांचं दुसरं नावही गेलं. दोन मिनिटांचं डिझेल वाचवायला गेला आणि टर्बो जाळून बसला, हा किस्सा गासपासून निर्मळपर्यंत फिरला. तो सांगताना लोकांबरोबर काकाही हसायचे. मी पण हसायचो, हे लिहायला लाज वाटते, पण हसायचो.

दुरुस्तीनंतर काका गाडी घरासमोर उभी करून मिनिटभर चालू ठेवायला लागले. ते मिनिट बघण्यासारखं असायचं. चावीवर हात, डोळे घड्याळाच्या काट्यावर, चेहरा दाढ उपटून घेत असल्यासारखा. कधी कधी ते उतरून विहिरीपर्यंत जायचे, म्हणजे तो आवाज कानावर यायला नको. काकी म्हणायच्या, देवापुढं एवढा वेळ हात जोडले असते तर पावला असता.

असं दोन वर्षं चाललं. मग आळीतल्या एका लग्नात, दुपारच्या पंगतीत, बाहेरगावच्या पाहुण्यांना कुणीतरी तो किस्सा पुन्हा रंगवून सांगायला घेतला. काका समोरच्या पानावर बसले होते. सांगणारा म्हणाला, बीएस्सीने कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण हा ऐकेल तर ना. पाहुणे हसले. काकाही हसत पापड मोडत होते. माझ्या हातातला घास खाली आला. मी म्हणालो, "मी ते पान वाचलंच नव्हतं. मला इंग्रजी कळलं नाही म्हणून उलटलं."

वाढपी वरण घेऊन तसाच उभा. वडील माझ्या शेजारीच होते, त्यांनी पानातून नजर वर केली नाही.

काका माझ्यावर चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "दोन वर्षं एक थेंब सांडू दिला न्हाय मी," ते म्हणाले, "आनि तू भर मांडवात ओतून मोकळा झालास." मग वाढप्याला म्हणाले, "वाढ रे, निवतंय."

वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर आले. हातात ते पुस्तक, कोपरे तेलकट झालेले. माणसं कुणीच जमवली नव्हती. आत वडील होते, ते दाराशी येऊन उंबऱ्याआड उभे राहिले. काका म्हणाले, पहिल्या पानापासून.

मी वाचायला लागलो. या वेळी वेळ लागत होता, कारण मी प्रत्येक ओळ सांगत होतो. बर्फात गाडी कशी सुरू करायची तेही सांगितलं, आणि काकांनी ते असं मन लावून ऐकलं की उद्या गासला बर्फ पडणार असावा. मग इंजिनाची पानं आली. त्यातल्या एका वाक्याशी मी थांबलो. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. शेवटी मान वर करून म्हणालो, "काका, हे मला कळत नाही. बस्त्याव मेस्त्रीला विचारावं लागेल."

काकांनी पाय वर घेऊन खांबाला पाठ टेकली. दाराकडे बघून माझ्या वडिलांना म्हणाले, "ऐकलंस? आता पोरगा शिकला." आणि मग मला, "हां, पुढचं वाच."