ब्रेक, द्राक्षं आणि देवळालीची सोयरीक

माझ्या धाकट्या दिरानं आपल्या होणाऱ्या बायकोला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा आमची गाडी चालू होती, आणि ती थांबवायला मी तयार नव्हते.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर नदीचं वळण काढता काढता माझा हात सावकाश व्हायचा. हे वळण तिसऱ्या गिअरमध्ये घ्यावं की दुसऱ्या, अशी तंद्री लागायची आणि मुलं बिचारी वहीत गोदावरी भलतीकडेच वळवायची. कारण असं, की शहरातल्या हौशी मंडळींनी गाड्या पळवण्याचा एक क्लब काढला होता. अंबडच्या पलीकडे बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात डांबरी रस्ते होते. वर्षातून एक-दोनदा तिथे पिंपं मांडायची आणि घड्याळ लावून एकेकानं गाडी हाणायची. त्यात महिलांचा वेगळा गट होता! मी नाव देऊन टाकलं.

गाडी मात्र एकच. तीच शाळेची, भाजीची, आईंच्या गुडघ्याच्या डॉक्टरांची.

"पळवशील गं, पण थांबवशील कशी?" आमचे हे म्हणाले. (हे बँकेत होते. कुठल्याही स्वप्नाला तारण मागायची सवय.)

प्रश्न खरा होता. आमचे ब्रेक सभ्य होते. दाबले की गाडी थोडा विचार करायची, मग थांबायची. रात्री डोळे मिटले की मला मोठ्या, भोकाभोकांच्या, चकचकीत डिस्क दिसायच्या. पण त्या घ्यायच्या तर गाडी विकावी लागली असती. शेवटी क्लबच्या सेक्रेटरींनी स्वस्तातला मार्ग सांगितला. ते दातांचे डॉक्टर होते.

"मोठ्या डिस्कच्या नादी लागू नका. पुढे चांगले पॅड टाका, जुने रबरी पाइप बदला, ब्रेक ऑइल नवं भरा, मागच्या चाकांचे ब्रेक-शू साफ करून घ्या. वर्षातून दोनदा हाणायला एवढं पुष्कळ!"

मी पाडव्याची साडी घेतलीच नाही. ती पुढच्या दोन चाकांना नेसवली. द्वारका चौकातल्या गॅरेजात काम झालं आणि मी तरंगतच डॉक्टरांना फोन केला.

"थांबा, थांबा," ते म्हणाले. "नवे पॅड कवळीसारखे असतात, बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्या, जोरात दाबा, पण पूर्ण थांबू नका. परत वेग, परत दाबा. असं आठ-दहा वेळा. आणि शेवटी महत्त्वाचं! डिस्क तापलेली असताना गाडी उभी करायची नाही. पॅडचा डाग पडतो आणि ब्रेक कायमचे थरथरतात. हळूहळू फिरवत गार होऊ द्यायचे."

"मोकळ्या रस्त्यावर" हे मी नीट ऐकलं. "मोकळ्या गाडीनं" हे ते म्हणालेच नाहीत, असं माझं आजही म्हणणं आहे.

कारण दुसऱ्याच दिवशी आम्हाला देवळाली कॅम्पला जायचं होतं. माझे दीर मिलिंद भावजी यांच्यासाठी तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांची मुलगी पाहायची होती. याआधीची दोन स्थळं भावजींच्या लाजाळूपणानं गेली होती. ते मुलीसमोर तोंडच उघडायचे नाहीत. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निघतानाच सगळ्यांना दम दिला, "आज कुणीही काहीही वेडेपणा करायचा नाही!"

"नाही हो अण्णा," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली.

शेजारी हे. मागे अण्णा आणि आई, मधे क्रीम रंगाचा नवा शर्ट घातलेले भावजी, आणि त्यांच्या मांडीवर द्राक्षांची उघडी पेटी. पाथर्डी फाट्यावरून वडनेरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूला मळे, उतरतं ऊन, आणि समोर रस्ता असा रिकामा पसरलेला की जणू माझ्यासाठीच कुणी झाडून ठेवलाय! माझ्या डोळ्यांपुढून देवळाली गेली, सुभेदार गेले. पिंपं दिसायला लागली. मी वेग घेतला. आणि दाबला ब्रेक!

काय सांगू! गाडीनं विचार केलाच नाही. आम्ही सगळे पुढे गेलो. द्राक्षं आमच्याही पुढे गेली.

"काय आडवं आलं?" अण्णा ओरडले.

"काही नाही, अण्णा."

"मग दाबलास कशाला?"

तोवर मी पुन्हा वेग घेतला होता. दुसऱ्यांदा दाबला. अण्णांची टोपी ह्यांच्या मांडीवर आली. तिसऱ्यांदा आईंनी माझी सीट मागून मिठी मारून धरली. चौथ्यानंतर त्या हलक्या आवाजात ह्यांना म्हणाल्या, "अरे, हिला रस्त्यात काहीतरी दिसतंय. आपल्याला दिसत नाहीये."

"आई, तिला ट्रॅक दिसतोय," हे दात आवळून म्हणाले.

पाचव्या-सहाव्या ब्रेकपर्यंत भावजींच्या शर्टावर द्राक्षाचा रस उतरला होता. मग वास सुरू झाला. (नवे पॅड तापले की करपट वास येतो. माझ्या नाकाला तो अत्तरासारखा!)

"काहीतरी करपलं," आई म्हणाल्या.

"माझं नशीब," भावजी म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं पहिलं वाक्य.

शेवटचा ब्रेक झाला आणि मी समाधानानं मान वर केली, तर काय, सुभेदारांची गल्लीच आली! ब्रेक तर चुलीसारखे तापलेले. छोट्या मैदानाभोवती गोल रस्ता, त्याला लागून त्यांचं घर, आणि फाटकात सुभेदार, त्यांच्या बाई आणि चार पाहुणे हात जोडून उभे.

"थांबव," हे म्हणाले.

"आत्ता नाही थांबवता येत. डाग पडेल."

"कसला डाग?"

सांगायला वेळ नव्हता. फाटक आलं. मी हसून मान लववली आणि पुढे निघून गेले. खिडकीतून अण्णांनी नमस्कार केला तो शेजारच्यांच्या कुंपणाला लागला.

"सूनबाई! ही सोयरीक मोडली तर या गाडीची किल्ली माझ्याकडे, कायमची!"

मी मैदानाला वळसा घातला. दुसऱ्या फेरीला मंडळींचे हात अजून जोडलेलेच होते, पण तोंडं उघडी पडली होती. आणि आता फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली होती. अबोली रंगाची साडी, डोक्यावर बोगनवेलीची कमान, आणि पदर तोंडाशी धरून ती इतकी हसत होती की तिला फाटकाचा आधार घ्यावा लागला. गाडी अगदी सावकाश चालली होती. ऊन तिरपं होऊन तिच्यावर पडलं होतं. भावजी द्राक्षांच्या पेटीवरून खिडकीकडे झुकले, पार मान मागे वळेपर्यंत पाहत राहिले, आणि मी तोंडात बोट घालावं असं बोलले.

"वहिनी, अजून एक फेरी."

मी घातली. आईसुद्धा बाहेर बघत होत्या. तेवढं अर्धं मिनिट आमची ती रसानं चिकट झालेली गाडी जमिनीवरून चालली नव्हती, असं मला आजही वाटतं.

चौथ्या फेरीला सुभेदार रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि तोफखान्याच्या आवाजात गरजले, "थम्!" डाग गेला खड्ड्यात! मी ब्रेक दाबला. गाडी त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर उभी राहिली.

घरात बसल्यावर आईंनी सारवासारव केली. "सूनबाईंना जरा चक्कर येते हो."

"चकरा आम्ही मोजल्या," सुभेदार म्हणाले.

मग मीच सगळं सांगून टाकलं. पॅड, डाग, पिंपं, महिला गट. अण्णा जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात मुलगी, मेघा तिचं नाव, पोह्यांची बशी हातात तशीच धरून म्हणाली, "वहिनी, मला पण न्याल का, शर्यत बघायला?"

"हो!" भावजी एवढ्या जोरात ओरडले की पोहे सांडले.

सोयरीक जमली. आणि शर्यतीच्या दिवशी दोन्हीकडची मंडळी डबे घेऊन हजर! नियम असा, की पिंपांमधून वळणं घेत यायचं आणि शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यावर गाडी उभी करायची. पुढची चाकं पट्ट्याच्या पुढे, मागची मागे. तसं झालं की घड्याळ बंद. मी स्वप्नात असल्यासारखी चालवली. एकही पिंप पाडलं नाही. पट्टा दिसला आणि मी सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी! हे ब्रेक!

लोक उभे राहून ओरडायला लागले. सुभेदार दोन्ही हात हलवत "आगे! आगे!" म्हणत होते, भावजी उड्या मारत होते, मेघानं तर डोळे झाकून घेतले. एवढं कौतुक! मला भरून आलं. मी काच खाली केली, हात हलवला. त्यानंही समाधान होईना म्हणून खाली उतरले आणि चारी दिशांना नमस्कार केला. तेव्हा कुठे माझं लक्ष चाकांकडे गेलं. पट्टा अजून हातभर पुढे होता.

महिला गटात माझा दुसरा नंबर आला. गटात आम्ही दोघीच होतो, आणि ज्या बाई पहिल्या आल्या, त्यांची गाडी मधेच बंद पडली होती. ती चौघांनी ढकलत आणली!