दोन बैलगाड्यांचं छप्पर

मुलींना शिबिराला नेणार असं मी जाहीर केलं, तेव्हा पनवेलातल्या आया तोंडाला पदर लावून बसल्या. शाळेच्या चेअरमनसाहेबांची मुलगीही माझ्याच वर्गात. त्यांनी अट घातली, "संध्याकाळी मी स्वतः येऊन पाहीन. सगळ्याजणी एका छपराखाली, नीट आडोशाला निजतील अशी सोय नसेल, तर मुलींना परत आणीन."

"अवश्य या," मी म्हटलं. शाळेकडे तंबू नव्हता, पण नसलेल्या वस्तूंना मी कधी घाबरले नाही. भाताच्या गिरणीतून ऐसपैस ताडपत्री मागून आणली, सामान दोन बैलगाड्यांत घातलं आणि आम्ही कर्नाळ्याच्या पायथ्याशी, कापणी झालेल्या शेतात उतरलो.

छप्पर म्हटलं की आम्हा बायकांच्या डोळ्यांपुढे लग्नाचा मांडवच येतो. आम्ही कोपऱ्यांना बांबू रोवून वर ताडपत्री सपाट ताणली. मुलींनी आंब्याचे टहाळेसुद्धा बांधले. दुपारी खाडीकडून वारा सुटला, खालून शिरला आणि आमचा मांडव फुगून बांबूंसकट आडवा झाला. एकीला रडूच फुटलं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. आमचं दोन्ही एकाच दुपारी पाहून झालं. मला संताप आला तो वाऱ्याचा नव्हे, चेअरमनसाहेब आता कसे हसतील त्याचा.

तेवढ्यात बैल सोडलेली एक गाडी, सामान मागे सरकल्यामुळे, उलाळली. मागची बाजू जमिनीला टेकली आणि दांड्या आभाळाकडे उभ्या राहिल्या. मी म्हटलं, हेच माझे खांब!

"बाई, माझी गाडी हाय ती, खांब नाय," गाडीवान कुरकुरला.

"एका रात्रीपुरता खांब. सकाळी परत गाडी," मी म्हटलं. तो हसला आणि दोर सोडू लागला.

दोन्ही गाड्या उलाळून, मागे दगड भरून, एकमेकींपासून अंतरावर उभ्या केल्या. दोन्हींच्या जुवांवर लांब बांबू आडवा बांधला, त्यावरून ताडपत्री दोन्हीकडे उतरती सोडली आणि कडा खुंट्यांना आवळल्या. आता वारा पाठीवरून सरकून जायला लागला. आत सगळ्या मुली निजूनही फुगडी घालायला जागा उरली असती. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, आणि तो मी लपवलाही नाही.

चेअरमनसाहेब टांग्यातून पत्नीला घेऊन आले. त्यांनी बांबू हलवून पाहिला, खुंटीला लाथ मारली. कसलीच खोट निघेना. शेवटी म्हणाले, "बाकीच्यांचं ठीक आहे. आमचीला मात्र नेतो. तिच्या आईला घरी चैन पडायची नाही."

आई एव्हाना चपला काढून आत सतरंजीवर बसली होती. छपराकडे बघत म्हणाली, "मग मीच राहते की इथं. सासर आणि माहेर सोडून कुठल्याच छपराखाली निजले नाही मी आजवर."

चेअरमनसाहेब टांग्याकडे वळले, तशी तिने आतूनच हाक मारली, "दूध तापवून विरजण लावा हो!" आणि ऐसपैस पाय पसरले.