गळ्यातली सुरी

आमच्या सुमनवहिनी डोंगर चढायला निघाल्या की गळ्यात सुरी घालतात. बोटभर पात्याची, न मिटणारी, घट्ट म्यानात मूठ खाली करून लटकणारी. मंगळसूत्राशेजारी ती पाहून लोक हसतात. वहिनीही हसतात आणि त्याच सुरीने सगळ्यांना काकडी कापून देतात.

गेल्या रविवारी गड उतरताना करवंदीच्या जाळीत एक शेळी अडकलेली दिसली. तिच्या गळ्यातला दोर फांद्यांत गुरफटून आवळत चालला होता. तिची म्हातारी मालकीण गाठ ओढत रडत होती, "माझी चंद्री गेली वं!"

मी पाठीवरची पिशवी उतरवेपर्यंत वहिनी जाळीत शिरल्याही होत्या. एका हाताने त्यांनी शेळीची मान धरली, दुसऱ्याने छातीवरची सुरी म्यानातून खाली ओढली आणि पात्याची बोथट बाजू कातडीकडे ठेवून दोर कापला. चंद्री खोकली, उभी राहिली आणि लगेच वहिनींची ओढणी चघळू लागली. म्हातारी रडता रडता हसायला लागली.

मला वाटलं, पिशवीच्या तळाशी असलेली वस्तू आपली असते खरी, पण छातीशी असलेली हाताला आधी ठाऊक असते. मायेचंही तसंच असावं. ती शोधावी लागली की उशीर होतो.

"मला घालून बघू दे गं," म्हातारी म्हणाली. वहिनींनी सुरी तिच्या गळ्यात घातली. तिने पदर सारखा केला, ताठ उभी राहिली आणि रानाकडे बघून ओरडली, "आता ये रं बिबट्या!"