दातांत धरलेली सळई

रस्ता खणलेला दिसला की मी थांबते. हातात भाजीची पिशवी असो नाहीतर बसची वेळ झालेली असो, खड्ड्यात डोकावल्याशिवाय माझा पाय निघत नाही. मंगरूळपीरला आमच्या गल्लीत सगळे विचारतात, "बाई, काही पडलं का त्यात?" हसू देत. आपण चपला घासत जातो त्याच्याखाली पाइप, वायरी, गटारं एकमेकांना चुकवत कुठून कुठे जातात, याचं मला फार नवल वाटतं.

हे सगळं तोंडपाठ असलेला माणूस एकच, आमचे नळ सोडणारे काका. लांब लोखंडी चावी सायकलला बांधून ते गल्लोगल्ली फिरत. सारी नोकरी त्यात गेली, आणि ती संपल्यावर त्यांचे कानही गेले.

गेल्या उन्हाळ्यात आमचं पाणी बंद झालं. पाइप खाली कुठेतरी फुटला होता आणि वर होता सिमेंटचा कोरा रस्ता. त्याच्यासाठी आम्ही कित्येक वर्षं चिखल तुडवला होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, सगळा फोडावा लागेल. मी तडक काकांना घेऊन आले.

"बहिऱ्या माणसाले कायले आणलं?" शेजारीण मोठ्यानेच म्हणाली. काकांना ऐकू गेलं नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

"एकच जागा दाखवतो," ते म्हणाले. "चुकलो त मंग मले कोनी बलावू नका."

आता रस्त्याबरोबर त्यांचा शब्दही पणाला लागला, आणि तो मी लावला होता.

त्यांनी पाणी सोडायला लावलं आणि सळई मागितली. पूर्वी ते सळई रस्त्यावर टेकवून कानाला लावत. गळतं पाणी खाली सूं सूं वाजतं. आता त्यांनी गुडघे टेकले आणि सळईचं वरचं टोक दातांत धरलं. पोरं खिदळली.

"कान गेले, दाढा हायेत ना! झिनझिन लागते बराबर."

असे दोन-दोन पावलं सरकत ते पिठाच्या गिरणीपर्यंत गेले. तिथे वैतागून हात हलवला. "गिरनी बंद करा आधी!" गिरणी थांबली. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले, आणि मग खडूने फुली मारली.

फुलीवर हातभर रस्ता फोडला. आधी ओली माती लागली, मग चिळकांडी थेट ठेकेदाराच्या माणसाच्या शर्टावर! गल्लीने एकच गलका केला. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

काका मात्र खड्ड्याकडे टक लावून उभे होते. त्यांनी माझी बाही ओढली.

"पोरी, आवाज कसा येऊन राह्यला?"

"लय मोठा, काका!" मी ओरडले.

ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"आनखी एकडाव सांग," म्हणाले.