चिखल्याच्या पायातला पट्टा

"ताई, पट्टा कुठं गेला?"

रविवारची सकाळ. मी बांगडे साफ करत होते, दोन्ही हात बरबटलेले, फोन ओट्यावर स्पीकरवर. बोलत होते हमीदभाई, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मागे चारपाच माणसांचं हसणं ऐकू येत होतं.

"कसला पट्टा?"

"पक्ष्याच्या पायातला हो! पिवळा. कॅमेऱ्यात होता, तुमच्या प्रिंटात नाय. कोणी काढलान?"

"मी कशाला काढू? आलाच नसेल फोटोत," असं म्हणून मी कोपराने फोन बंद केला. मला रागच आला होता. रविवारी सकाळी कामाबद्दल कोणी बोललेलं मला खपत नाही. मग पुढचा बांगडा हातात घेतला आणि तिथेच थांबले. पिवळं काहीतरी होतं खरं. मीच पुसलं होतं.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला एमआयडीसीच्या रस्त्यावर माझी फोटो लॅब आहे. मुख्य काम लग्नाच्या अल्बमचं. आमच्या धंद्यात 'सफाई' नावाचा प्रकार असतो. मांडवात लोंबणारी वायर, टेबलावरचे प्लास्टिकचे ग्लास, नवऱ्याच्या नाकावरची पुटकुळी, मागे उभा राहून जांभई देणारा मामा, हे सगळं फोटोतून काढायचं. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये ब्रश असतो. शेजारचा चांगला तुकडा उचलायचा आणि नको त्या जागेवर बसवायचा. बावीस वर्षं हे केल्यावर हात आपोआप चालतो. मी फोनवर भाजीवाल्याशी भांडत असते आणि इकडे मामा गायब झालेला असतो.

हमीदभाई राजिवड्याचे. बरीच वर्षं दुबईत टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर होते. परत आल्यावर त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला. कॅमेरा जुना, कार्ड एकच, घरी कॉम्प्युटर नाही. कार्ड माझ्याकडे आणून द्यायचे, मी फोटो उतरवून घ्यायचे आणि कार्ड रिकामं करून परत द्यायचे. असे फोटो काढणाऱ्या दहाबारा जणांचा रत्नागिरीत एक ग्रुप आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते लिमयेकाकांकडे जमतात. काका बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या अंगणातल्या दोरीवर प्रत्येकाने आपला एक प्रिंट चिमट्याने अडकवायचा आणि शेजारी उभं राहून माहिती सांगायची, असा त्यांचा रिवाज आहे. बाकीच्यांच्या लेन्सा हाताएवढ्या. हमीदभाईंचा प्रिंट नेहमी शेवटच्या चिमट्याला.

त्या आठवड्यात त्यांना काळबादेवीच्या किनाऱ्यावर चिखल्या दिसला होता. हा ओल्या वाळूत तुरुतुरु पळणारा छोटा पक्षी. थंडीत लांबच्या देशांतून येतो. काही ठिकाणी अभ्यासक असे पक्षी पकडून त्यांच्या पायात रंगीत पट्टा घालतात आणि सोडून देतात. रंगावरून पट्टा कुठल्या भागात घातला ते कळतं, आणि पट्ट्यावरच्या अक्षरांवरून तो नेमका कुठला पक्षी ते. कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर हमीदभाईंना पिवळा पट्टा दिसला, अक्षरं वाचता आली नाहीत. मोठ्या प्रिंटात सगळ्यांसमोरच वाचू, असं त्यांनी ठरवलं. ग्रुपवर मेसेजही टाकला की रविवारी पट्टेवाला पक्षी दाखवतो. मला मात्र एवढंच म्हणाले, "ताई, हा एक मोठा करा. चांगला करा."

मी चांगला केला. पायाला चिकटलेला पिवळा कपटा पाहून मला वाटलं, किनाऱ्यावरचा कचरा, वेफर्सच्या पिशवीचा तुकडा असणार. तीन सेकंदांचं काम. पाय इतका सुबक झाला की मी स्वतःवरच खूश झाले. शनिवारी त्यांनी गुंडाळी नेली, ती उघडली थेट लिमयेकाकांच्या अंगणात.

बांगडे तसेच फ्रीजमध्ये ढकलून मी लॅबवर गेले. फाइल उघडली. माझा सुबक पाय समोर. मी सफाई करून मूळ फाइलवरच सेव्ह मारलं होतं. नव्या नावाने सेव्ह करायचं, मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला पाठ. कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी तो दरडावून शिकवते. बॅकअप मी सोमवारी घेते, म्हणजे तोही नाही. बाकीच्या फोटोंत चिखल्याचे पाय पाण्यात बुडालेले.

हमीदभाईंना फोन लावला. "कार्ड घेऊन या. आणि आता एकही फोटो काढू नका."

"सकाळीच काढले ना चाळीस," ते म्हणाले.

कार्ड रिकामं केलं म्हणजे फोटो लगेच नाहीसे होत नाहीत. पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडावी तसं होतं. पानं असतात, पण नवे फोटो त्यांच्यावर छापले जातात. जुने परत काढायचं सॉफ्टवेअर असतं. ते लावून आम्ही दोघं दुपारपर्यंत बसलो. मी हमीदभाईंना चहा दिला, तो तसाच निवला.

फाइल सापडली, पण अर्धवट. वर थोडं पाणी, खाली सगळं करडं. मात्र प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेरा स्वतःसाठी एक लहान प्रत ठेवतो, मागच्या स्क्रीनवर दाखवायला. ती वाचली होती. चिखल्या होता, पाय होता आणि पायाला पिवळा ठिपका होता. अक्षरं नव्हती. मोठं करून पाहिलं तर नुसते चौकोन.

"होता ना?" हमीदभाई म्हणाले.

"होता. मी पुसला. कचरा वाटला मला."

ते उठले, कार्ड खिशात घातलं आणि गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी लिमयेकाकांचा फोन आला की हमीदभाई ग्रुपमधून बाहेर पडले. "तिकडं कोणीतरी गमतीने म्हणालं, पट्टा दुबईत बघितला असेल. लागलं वाटतं त्यांना," काका म्हणाले.

मी काकांना तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ग्रुपमधले बहुतेक जण प्रिंट माझ्याकडेच करतात, आणि लॅबवाली फोटोतल्या वस्तू पुसते हे कोणाला कळायला नको होतं. 'फाइल खराब झाली' हे वाक्य मी मनात दोन आठवडे घोळवलं. गिऱ्हाइकांना ते पटतं. पण त्या वाक्याने हमीदभाई खोटेच राहत होते.

पुढच्या दुसऱ्या रविवारी मी स्कूटर घेऊन राजिवड्याला गेले.

"मी नाय यायचा," ते दारातूनच म्हणाले.

"फोटो मी पुसलाय, तर बोलणार मी. तुम्ही नुसते उभे राहा."

शेवटी त्यांच्या बायकोने त्यांच्या हातात टोपी दिली आणि दार लावून घेतलं.

लिमयेकाकांच्या दोरीवर मी दोन प्रिंट अडकवले. एक माझा, स्वच्छ. शेजारी पोस्टकार्डाएवढा, अंधुक, पिवळ्या ठिपक्याचा. बावीस वर्षांत मी कोणाला माझं वाईट काम दाखवलं नव्हतं. "हा पट्टा होता. मी तो कचरा समजून काढला, आणि हमीदभाईंनी विचारल्यावर नाही म्हणाले. त्यांनी पाहिलं ते खरं होतं."

"आणि अक्षरं?" कोणीतरी विचारलं.

"गेली. परत येणार नाहीत."

लिमयेकाका हमीदभाईंकडे वळले. "हमीदभाई, आम्ही हसलो. चुकलं आमचं."

"फोटोत नव्हता तर तुम्ही काय करणार? मीपण नसता मानला," हमीदभाई म्हणाले. मग ते अंधुक प्रिंटाशेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी रिवाजाप्रमाणे माहिती सांगितली. किनारा, भरतीची वेळ, पक्षी किती जवळ आला. वीसेक मिनिटं बोलले.

तो अंधुक फोटो काकांनी पट्टे घालणाऱ्या अभ्यासकांना मेलने पाठवला. उत्तर आलं. पट्टा त्यांच्याकडचाच दिसतो, आभार. पण अक्षरांशिवाय नेमका पक्षी सांगता येत नाही, त्यामुळे नोंद अपुरी राहील. हमीदभाईंनी ते उत्तर माझ्याकडून मोठ्या अक्षरांत छापून घेतलं. अजून ते रोज सकाळी काळबादेवीला जातात. चिखले पुष्कळ दिसतात, पट्टेवाला नाही. याचं मला वाईट वाटतं आणि त्याला माझ्याकडे इलाज नाही.

हल्ली टेबलावर कोणाचाही फोटो आला की मी आधी विचारते, यातलं काय काढायचं नाही? लग्नवाले बावचळतात, पण विचार करून सांगतात. परवा एका नवरीने कपाळावरची खोक ठेवायला सांगितली. एरवी मी ती पहिल्या झटक्यात पुसली असती.

हमीदभाई कार्ड अजून माझ्याकडेच आणतात. फक्त आता ते पूर्वीसारखे बाकावर बसत नाहीत. फोटो उतरून होईपर्यंत माझ्या खुर्चीमागे उभे राहतात. मला मागे कोणी उभं राहिलेलं चालत नाही, पण त्यांना मी काही म्हणत नाही.