निघताना विचारलेलं 'कुठं'

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सासऱ्यांच्या मित्राची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. तिच्यातून आम्ही वाईहून महाबळेश्वरला धबधबा बघायला निघालो होतो. लग्नानंतरची माझी पहिलीच सहल. सगळे दाटीवाटीनं बसले आणि मी विचारलं, "मी कुठं बसू?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "निघताना 'कुठं' म्हणालीस? आता कसलं धड होतंय!" त्यांनी सगळ्यांना खाली उतरवून घरात नेलं, देवापुढं बसवलं, हातावर दही घातलं. अहो, मला नुसती जागा हवी होती! पण हे नव्या सुनेनं बोलायचं कुणापाशी?

तोवर मोटारीचा कोळसा विझला. तो पुन्हा पेटवून पसरणीचा घाट चढेपर्यंत उन्हं कलली. वर पोचलो तर सगळीकडं धुकं. धबधब्याचा आवाज अगदी जवळून येत होता, दिसत मात्र काहीच नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. धुकं काय माझ्या बोलण्यानं येतं?

एवढ्यात आमचे हे माझ्याजवळ आले आणि समोर बोट करून हळूच म्हणाले, "तो बघ, दिसला का?"

'कुठं?' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"हो," मी म्हणाले, "दिसला."